विश्लेषण : गुडघे दुखतात म्हणून बसून राहावे का? सांधेदुखीत ‘मेहनत आणि खुराक’ एकत्र का हवेत?

कोल्हापुरात शरीर कमावण्याचे सूत्र कोणाला समजावून सांगावे लागत नाही. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींमध्ये ते पिढ्यान्‌पिढ्या दोन शब्दांत सांगितले जाते : मेहनत आणि खुराक. जोर-बैठका मारायच्या आणि दूध-बदाम मिळाले नाहीत, तर पोरगे वाळत जाते. खुराक चालू ठेवला आणि मेहनत सोडली, तर अंगावर नुसती चरबी चढते. हे वस्तादाला कोणत्याही शास्त्राने शिकवलेले नाही. लाल मातीतल्या अनुभवातून आलेले हे शहाणपण आहे.

मात्र याच शहरात गुडघेदुखीने बेजार झालेल्या साठीच्या बाईला घरून, शेजारून आणि कधी कधी दवाखान्यातूनही मिळणारा सल्ला वेगळाच असतो. आराम करा, जिना चढू नका, वातूळ खाऊ नका. म्हणजे मेहनतही बंद आणि खुराकही बंद. सांधेदुखीवरील गेल्या तीन दशकांचे संशोधन नेमके याच्या उलट सांगते. ते काय आहे आणि कोल्हापूरसारख्या जिल्ह्यात त्याचा अर्थ काय, हे समजून घेऊ.

सांधेदुखीचा प्रश्न किती मोठा आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार 2019 मध्ये जगभरात सुमारे 52 कोटी 80 लाख लोकांना ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यांची झीज होण्याचा आजार होता. त्यांत 60 टक्के स्त्रिया होत्या आणि सर्वाधिक त्रास गुडघ्याचा होता. भारतात 1990 मध्ये अशा रुग्णांची संख्या सुमारे 2 कोटी 35 लाख असल्याचा अंदाज होता. 2019 मध्ये ती 6 कोटी 23 लाखांवर पोहोचली. लोकसंख्या वाढली, आयुर्मान वाढले आणि वजनेही वाढली, ही त्यामागची मुख्य कारणे.

सध्या या विषयाला आणखी एक निमित्त मिळाले आहे. वजन कमी करणारी इंजेक्शने 2025 मध्ये भारतीय बाजारात आली : मार्चमध्ये ‘मौंजारो’ आणि जूनमध्ये ‘वेगोवी’. वेगोवीतील सेमाग्लुटाइड या औषधाची गुडघेदुखी असलेल्या 407 स्थूल व्यक्तींवर चाचणी झाली होती. 68 आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी 13.7 टक्क्यांनी घटले आणि त्यांच्या वेदनाही दुसऱ्या गटापेक्षा अधिक कमी झाल्या. मात्र वजन झपाट्याने उतरते, तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातो. उतारवयात गेलेला स्नायू सहज परत येत नाही. त्यामुळे ‘किती किलो कमी झाले’ याच्या जोडीने ‘त्यात स्नायू किती गेला’ हा प्रश्नही विचारावा लागतो.

दुखतो सांधा, मग स्नायू का आटतो?

गुडघ्यावर येणारा भार केवळ हाडे आणि कूर्चा पेलत नाहीत. मांडीच्या पुढच्या बाजूचे स्नायू, म्हणजे क्वाड्रिसेप्स, हा भार झेलणाऱ्या स्प्रिंगसारखे काम करतात. सांधा दुखू लागला, त्यात सूज आली की मज्जासंस्था आपणहून या स्नायूंना जाणारा संदेश मंद करते. दुखऱ्या भागाचे रक्षण व्हावे, हा त्यामागचा शरीराचा हेतू असतो. पण परिणाम असा होतो की जोर लावायचा ठरवले तरी स्नायू पुरता आवळला जात नाही.

दुखते म्हणून माणूस कमी हलतो, कमी हलल्यामुळे स्नायू आटतो, स्नायू आटल्यामुळे सांध्यावरचा भार वाढतो आणि दुखणे आणखी वाढते. हे चक्र वर्षानुवर्षे चालते. गुडघ्याच्या एक्स-रेमध्ये कूर्चाची झीज दिसते. मांडीची झीज कोणी मोजत नाही. नऊवारीत किंवा पायजम्यात ती दिसतही नाही. खुर्चीतून उठताना हाताचा आधार घ्यावा लागतो, तेव्हाच ती लक्षात येते.

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्याला बोलीत आमवात म्हणतात, त्यात आणखी एक गोष्ट घडते. हा आजार रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटल्यामुळे होतो. त्या वेळी शरीरात तयार होणारी दाहकारक रसायने थेट स्नायूंतील प्रथिने मोडतात. स्नायू जातो आणि त्याची जागा चरबी घेते. वजनकाट्यावर आकडा तोच राहत असल्याने रुग्णाला किंवा घरच्यांना काही बिघडल्याचे कळत नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या, तर ही झीज अधिक वेगाने होते.

नुसता खुराक का पुरत नाही?

याचे उत्तर 1994 मध्ये अमेरिकेतील एका प्रसिद्ध अभ्यासाने दिले. बोस्टनमधील वृद्धाश्रमातील 100 अशक्त वृद्धांना चार गटांत विभागण्यात आले. त्यांचे सरासरी वय 87 होते. एका गटाला पायांचे वजन उचलण्याचे व्यायाम, दुसऱ्याला पौष्टिक पेय, तिसऱ्याला दोन्ही आणि चौथ्याला दोन्हींपैकी काहीच नाही. दहा आठवड्यांनंतर व्यायाम करणाऱ्यांची स्नायूंची ताकद सरासरी 113 टक्क्यांनी वाढली. व्यायाम न करणाऱ्यांची केवळ 3 टक्क्यांनी. नुसते पौष्टिक पेय पिणाऱ्यांच्या ताकदीत काही फरक पडला नाही.

म्हणजे स्नायूला ‘तुझी गरज आहे’ असा निरोप व्यायामातूनच जातो. तो गेला नाही, तर खाल्लेले अन्न स्नायू बांधण्याकडे वळत नाही. तालीम सोडलेला पण खुराक न सोडलेला पैलवान कोल्हापुरात अनेकांनी पाहिलेला असतो. तोच हा नियम. आणि 87 व्या वर्षीही स्नायू व्यायामाला दाद देतो, ही त्या अभ्यासातील दुसरी महत्त्वाची गोष्ट.

मग नुसता व्यायाम पुरेसा आहे का?

पुरेसे खाणाऱ्याला व्यायामाचा फायदा होतोच. पण दोन्ही एकत्र आले की तो वाढतो, असे दिसते. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयडिया’ या अमेरिकी चाचणीत गुडघ्याची झीज आणि जादा वजन असलेल्या 454 जणांचा अभ्यास झाला. 18 महिन्यांनंतर नुसता व्यायाम करणाऱ्यांचे वजन 2 टक्के, नुसता आहार बदलणाऱ्यांचे 9.5 टक्के आणि दोन्ही करणाऱ्यांचे 11.4 टक्के घटले. वेदना सर्वांत कमी झाल्या त्या दोन्ही करणाऱ्या गटाच्या.

गुडघ्याच्या सांधेरोपण शस्त्रक्रियेच्या रुग्णांवरील एक लहान अभ्यासही बोलका आहे. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही आठवड्यांत मांडीचा स्नायू वेगाने आटतो. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 28 रुग्णांपैकी काहींना शस्त्रक्रियेच्या एक आठवडा आधीपासून दोन आठवडे नंतरपर्यंत रोज दोनदा 20 ग्रॅम अत्यावश्यक अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे मूळ घटक, देण्यात आले. दोन आठवड्यांनी त्यांच्या शस्त्रक्रिया झालेल्या मांडीचा स्नायू 3.4 टक्क्यांनी घटला होता. ती न मिळालेल्या रुग्णांचा 14.3 टक्क्यांनी. रुग्णसंख्या थोडी असल्याने यावरून अंतिम निष्कर्ष काढता येत नाही, पण शस्त्रक्रियेच्या काळात अन्नाची आबाळ किती महागात पडू शकते, हे त्यातून दिसते.

जड वजन उचलले म्हणजे अधिक फायदा, असेही नाही. 377 जणांवर झालेल्या 2021 मधील एका चाचणीत 18 महिन्यांनंतर जड वजनाचे व्यायाम करणाऱ्यांच्या गुडघ्याच्या वेदना हलक्या वजनाच्या गटापेक्षा कमी झाल्या नाहीत. व्यायामाऐवजी आरोग्याची माहिती देणारी सत्रे मिळालेल्या गटापेक्षाही नाहीत. व्यायामाने कूर्चा पुन्हा उगवत नाही आणि प्रत्येकाचे दुखणे थांबतेच असेही नाही. त्याच्याकडून अपेक्षा ठेवायची ती ताकदीची, तोलाची आणि स्वतःची कामे स्वतः करता येण्याची.

‘वातूळ’ म्हणून ताटातून काय जाते?

मराठीत या आजाराच्या नावातच ‘वात’ आहे. त्यामुळे संधिवात झाला की वातूळ पदार्थ बंद करण्याची पद्धत आहे. हरभरा, वाटाणा, पावटा, मटकी ही कडधान्ये जातात. आंबट म्हणून दही जाते. उष्ण म्हणून अंडी जातात. राहते काय, तर भाकरी, भात, पातळ आमटी, भाजी आणि चहा.

पारंपरिक आहारविचारात वात या संकल्पनेला तिचे स्वतःचे स्थान आहे आणि कडधान्यांनी पोट फुगण्याचा त्रास काहींना खरोखर होतो. मात्र कडधान्ये खाल्ल्याने सांध्यांची झीज किंवा आमवात वाढतो, याला आधुनिक संशोधनात आधार सापडत नाही. ज्यांना हरभरा पचत नाही त्यांना मूग, मोड आणून शिजवलेली मटकी किंवा तूरडाळ चालू शकते. एखादा पदार्थ सोडायचा असेल, तर त्याच्या जागी तेवढीच प्रथिने देणारा दुसरा पदार्थ हवा, एवढे पथ्य पाळले तरी मोठे नुकसान टळते.

गाऊट, म्हणजे युरिक ॲसिड वाढल्याने होणारी सांधेदुखी, हा मात्र वेगळा आजार आहे. त्यात मटण, विशेषतः कलेजी-वजरीसारखे पदार्थ आणि दारू यांवर बंधन घालावे लागते. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या शहरात हे सांगणे जड जाते, पण आवश्यक आहे. दूध आणि दह्याने गाऊट वाढत नाही. दुग्धजन्य पदार्थ खाणाऱ्यांत त्याचा धोका कमीच आढळला आहे.

रोज किती प्रथिने हवीत?

आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये निरोगी प्रौढांसाठी दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली. वयस्कांच्या स्नायूंचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने 2013 मध्ये 65 वर्षांवरील व्यक्तींसाठी 1 ते 1.2 ग्रॅम आणि दीर्घ आजार असलेल्यांसाठी 1.2 ते 1.5 ग्रॅम असे प्रमाण सुचवले. वयानुसार स्नायू प्रथिनांना मंद प्रतिसाद देतात, म्हणून ही वाढ.

55 किलो वजनाच्या बाईचा हिशेब करून पाहू. तिला निरोगी असताना सुमारे 46 ग्रॅम आणि उतारवयात 55 ते 66 ग्रॅम प्रथिने लागतील. दिवसभरात 200 ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी (20 ग्रॅम), एक वाटी तांदळाचा भात (6 ग्रॅम), 30 ग्रॅम डाळीची आमटी (6 ग्रॅम) आणि चहापुरते 100 मिलिलिटर दूध (4 ग्रॅम) असे तिचे जेवण असेल, तर बेरीज 36 ग्रॅमच्या आसपास होते.

त्यात एक पेला म्हशीचे दूध (7 ते 8 ग्रॅम), एक अंडे (6 ग्रॅम), वाटीभर मटकीची उसळ (7 ग्रॅम) आणि मूठभर शेंगदाणे (6 ग्रॅम) घातले की आकडा 62 च्या पुढे जातो. अंडे चालत नसेल तर 15 ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांतून तेवढीच प्रथिने मिळतात. पातळ ताकावर मात्र भिस्त ठेवू नये; त्यात पाणीच जास्त. प्रथिने रात्रीच्या एकाच जेवणात घेण्याऐवजी न्याहारी, दुपार आणि रात्र अशी विभागून घेणे चांगले. वजन जास्त असेल तर साखर, तेल, फरसाण कमी करावे. डाळ, दूध, अंडी नव्हे.

यासाठी डबाबंद पावडर घ्यावीच लागते असे नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने मे 2024 मधील आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत शरीर कमावण्यासाठी प्रथिनांची पूरके टाळण्याचाच सल्ला दिला आहे. भूकच मंदावलेल्या किंवा शस्त्रक्रियेच्या रुग्णाला डॉक्टरांनी पावडर दिली, तर तो वेगळा भाग.

व्यायाम कोणता आणि किती?

रंकाळ्यावरची सकाळची फेरी हृदयासाठी, मधुमेहासाठी आणि सांध्यांसाठीही चांगली आहे. पण रोज तेवढेच अंतर सपाटीवर चालल्याने मांडीचा स्नायू वाढत नाही. त्याला हळूहळू वाढत जाणारा भार लागतो. तालमीतही नवख्या पोराला पहिल्या दिवशी शंभर बैठका सांगत नाहीत. दहापासून सुरुवात होते.

दुखऱ्या गुडघ्यांसाठी पूर्ण खोल बैठक योग्य नाही. तिचे सौम्य रूप म्हणजे खुर्चीतून उठणे-बसणे. सुरुवातीला उंच खुर्ची, हातांचा आधार, आठ-दहा वेळा. जमू लागले की हात छातीशी घडी घालून, मग थोडी बुटकी खुर्ची. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबणे, उताणे पडून सरळ पाय उचलणे, स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणे, जिन्याच्या एका पायरीवर चढणे-उतरणे आणि भिंतीला हात टेकून जोर काढणे, एवढ्यात शरीराचे मुख्य स्नायू येतात. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती आणि किमान तीन महिने सातत्य, हे त्याचे साधारण प्रमाण.

व्यायामात थोडे दुखणे म्हणजे सांधा बिघडला असे नाही. डेन्मार्कमध्ये 2013 पासून राबवल्या जाणाऱ्या ‘ग्लॅड’ या कार्यक्रमात रुग्णांना सहा आठवड्यांत बारा सत्रे दिली जातात. वेदना दहापैकी पाचपर्यंत चालतील, मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत त्या पूर्ववत व्हाव्यात, असा साधा नियम तेथे वापरतात. तसे झाले नाही, तर व्यायाम बंद करायचा नाही, एक पायरी खाली आणायचा. आमवाताच्या रुग्णांबाबतही नेदरलँड्समध्ये 309 जणांवर दोन वर्षे चाललेल्या चाचणीत जोमाच्या व्यायामाने हालचालीची क्षमता सुधारली. गुडघ्यासारख्या मोठ्या सांध्यांची आधीच बरीच हानी झालेल्या रुग्णांना मात्र व्यायाम बेताने निवडावा लागतो.

काळजी कोणी घ्यावी?

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत. वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांनी मूत्रपिंडाची तपासणी करून घेतलेली बरी, कारण या गोळ्याच त्याला इजा करू शकतात. सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजला किंवा सोबत ताप आला, तर व्यायाम थांबवून दवाखाना गाठावा. सकाळी बोटे तासभर आखडलेली राहत असतील, तर आमवाताची तपासणी हवी. त्या आजारात औषधाने दाह आटोक्यात आणणे ही पहिली पायरी असते आणि व्यायाम-आहार हे औषधाला पर्याय ठरत नाहीत. घटक न सांगता दिल्या जाणाऱ्या ‘हमखास’ पुड्यांपासून दूर राहावे. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. त्याने दोन दिवसांत बरे वाटते आणि स्नायू व हाडे पोखरली जातात.

दुधाच्या जिल्ह्यात दूध कोणाला मिळते?

कोल्हापूर हा दुधाचा जिल्हा आहे. ‘गोकुळ’ म्हणून ओळखला जाणारा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ 1963 मध्ये स्थापन झाला. गावोगावच्या दूध संस्थांमुळे घरात नियमित पैसा येऊ लागला. या व्यवस्थेचा मोठा भार बायकांच्या अंगावर आहे. वैरण आणणे, शेण काढणे, उकिडवे बसून धारा काढणे, शिवाय शेतात भांगलण. गुडघ्यांवर सर्वाधिक ताण देणारी ही कामे आहेत. पण कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे. व्यायामात भार मोजून वाढवला जातो आणि मध्ये विश्रांती असते. कष्टात दोन्ही नसते. आणि सगळ्यांची जेवणे झाल्यावर उरलेल्यावर भागवणाऱ्या बाईच्या वाट्याला, तिनेच काढलेल्या दुधातले चहापुरतेच येत असेल, तर तिचा खुराक दूध संस्थेच्या कॅनमधून निघून जातो.

सरकारी यंत्रणेत याला जागा आहे का?

कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर केंद्राने ऑगस्ट 2017 मध्ये मर्यादा आणली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रकारासाठी ती 54,720 रुपये होती. ऑक्टोबर 2024 मध्ये आयुष्मान भारत योजनेचे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण 70 वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, लागू झाले. दोन्ही निर्णयांनी अनेकांना दिलासा मिळाला. मात्र या योजनेचे छत्र मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. शस्त्रक्रिया लांबवू शकणारी किंवा शस्त्रक्रियेनंतर पाय सावरणारी तीन महिन्यांची फिजिओथेरपी बहुतेकांना खिशातून करावी लागते. गगनबावडा किंवा शाहूवाडीच्या वाडीवरून आठवड्यातून दोनदा कोल्हापूरला येणे म्हणजे एसटीचे भाडे आणि बुडालेला रोजगार.

ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने ऑक्टोबर 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत या आजारासाठी व्यायाम हा गाभ्याचा उपचार मानला आहे. आपल्याकडे आयुष्मान आरोग्य मंदिरांत योगसत्रे घेण्याची तरतूद आहेच. त्याच जागेत, त्याच सतरंज्यांवर खुर्चीचे व्यायाम शिकवता येतील; आशा आणि बचत गटांमार्फत ताटातील प्रथिनांचा हिशेब घराघरांत नेता येईल. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टने ठरावीक दिवशी येऊन रुग्ण तपासणे आणि व्यायामाची पायरी ठरवून देणे मात्र आवश्यक आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबागसारखे मैदान उभारले आणि पैलवानांच्या खुराकाचीही सोय लावली. मेहनतीची जागा आणि खुराक या दोन्हींची जबाबदारी एकाच वेळी उचलली गेली, म्हणून कोल्हापूर कुस्तीची पंढरी झाले. गुडघे धरून बसलेल्या आई-आजीसाठी इतके मोठे काही लागणार नाही. एक भक्कम खुर्ची, आठवड्यातले तीन दिवस आणि संस्थेला दूध घालण्याआधी तिच्यासाठी बाजूला काढलेला एक पेला, इथून सुरुवात होऊ शकते.